लांबच्यांसाठी ट्रेबल

गेनूनानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पळत होते. साठीला टेकलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, ओढ्याच्या दिशेनं भर उन्हात तुरुतुरु चालला होता. बांधावर पोचल्यावर तो पाठमोरा उभा राहिला, थोड्या वेळानं तसाच तुरुतुरु परत आला, ओट्यावर ठेवलेल्या एका यंत्राची दोन बटणं नखभर फिरवली आणि पुन्हा निघाला. मी नुकतीच एस.टी.तून उतरले होते, पायाशी वळकटी आणि हातात ट्रंक. शिक्षिका म्हणून पहिलीच नेमणूक, तीही खर्ड्याजवळच्या एका वाडीत. कोपरगावकडच्या कालव्याकाठी वाढलेल्या मला तिथली नुसती माती बघूनच रडू येत होतं. त्यात हे दर्शन! मी दारातल्या बाईंना विचारलं, "यांचं काही हरवलंय का?"

"व्हय," त्या म्हणाल्या, "लई दिस झालं." आणि माझी ट्रंक उचलून आत घेऊन गेल्या.

त्या अनुसयाकाकू. नानांच्या पत्नी. त्यांच्याच घराची ओढ्याकडची खोली मला भाड्यानं मिळाली होती, त्यामुळे पुढची सगळी वर्षं नानांचं ते येणंजाणं माझ्या खिडकीतूनच चाललं.

नाना लाऊडस्पीकरवाले. त्या वेळी आमच्या वाडीत वीज नव्हती. खर्ड्याहून भरून आणलेल्या बॅटरीवर त्यांचं मशीन चाले. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. त्याला आवाजाचं एक बटण, जाड, घुमणाऱ्या सुरासाठी बासचं एक आणि बारीक, टोकदार सुरासाठी ट्रेबलचं एक. नाना ट्रेबलला 'टिरबल' म्हणत आणि अशा आदरानं म्हणत, की ते एखाद्या पाहुण्याचं आडनाव वाटावं. शिवाय तबकड्या वाजवायचं यंत्र, एक माईक आणि स्पीकर बसवलेली दोन लाकडी खोकी. एवढा संसार. यातल्या कशालाही दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. माझ्या शाळेच्या झेंडावंदनाला आमच्या हेडमास्तरांनी उत्साहाच्या भरात आवाजाचं बटण पिळलं, तेव्हा नानांनी त्यांचं मनगट हळूच धरून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "गुर्जी, म्हशीचं दूध दुसऱ्यानं काढलं तर ती आटती." हेडमास्तर मोकळेपणी हसले. पुढे वर्षभर ते हे वाक्य मास्तरांच्या प्रत्येक मीटिंगमध्ये खपवत होते.

बास लावायची नानांची स्वतःची रीत होती. खोक्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा, तबकडी लावायची आणि पाण्याकडे बघत बटण फिरवायचं. पाणी हिंदकळलं की बास जास्त. पाणी गप्प राहिलं की कमी. "पानी नाचाय नको, बाई," ते म्हणायचे. "त्याला निसता शहारा आला पायजे." मग तांब्यातलं पाणी मला प्यायला द्यायचे. त्या पाण्याची चव वेगळी लागते असा त्यांचा ठाम समज होता. मी एकदा "लागते की" म्हणून गेले, तर प्रत्येक कार्यक्रमाला मला तांब्याभर पाणी सक्तीचं झालं.

गाण्याची मात्र त्यांना गंधवार्ता नव्हती. बारशाला कुठलं गाणं लावायचं हे काकू सांगत. नाना तबकडी फिरवत, पण शब्दांकडे त्यांचं लक्षच नसे. आणि माईकवर ते कधीही बोलत नसत. टेस्टिंगलासुद्धा नखानं दोनदा टकटक करायचे, आणि 'हॅलो हॅलो' म्हणायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचे. बहुतेकदा मलाच. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, एवढं मशीन आहे तुमचं, स्वतः का नाही बोलत?"

"चारचौघात बोल्लेलं म्हागारी घेता येत न्हाई, बाई. त्यात माईक म्हंजी तर इचारूच नगा."

या वाक्यामागे काय होतं, ते मला काकूंकडून कळलं. भाकरी थापता थापता त्या तुकड्या-तुकड्यानं सांगायच्या.

लाऊडस्पीकर मुळात दोघा भावांनी मिळून घेतला होता. नाना थोरले, बापू धाकटा. घेतला तेव्हा खोक्यांबरोबर दोन कर्णेही होते, मोठे, पत्र्याचे, लिंबाच्या शेंड्यावर बांधायचे. कामाची वाटणी ठरलेली. नाना मशीनपाशी बसायचे आणि बापू आवाज ऐकत ऐकत लांब जायचा, थेट ओढ्याच्या बांधावर. तिथून तो पांढऱ्या टॉवेलनं खुणा करी. दोन्ही हातांनी खाली दाबल्यासारखं केलं की बास कमी. डोक्यावर टॉवेल गोल फिरवला की ट्रेबल वाढव. कानाला हात लावून मान हलवली की काहीच ऐकू येत नाही. आणि टॉवेल खांद्यावर टाकला की झालं. लग्नघरच्या गलबल्यात बसून लग्नघरचा आवाज लागत नसतो, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक. कर्णा झाडावर चढवायच्या आधी बापू घरधन्याला विचारायचा, "कोन आलं न्हाई?" कुणाची आत्या आजारी असे, कुणाची लेक बाळंतीण असे, कुणाचं म्हातारं माणूस पलीकडच्या वस्तीवर अंथरुणाला खिळलेलं असे. त्या दिशेला कर्ण्याचं तोंड. नाना म्हणायचे, "जवळच्यांना बास, लांबच्यांना टिरबल." बास मांडवातल्या माणसांच्या छातीत वाजतो, पण वेस ओलांडत नाही. लांब जातो तो ट्रेबल. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत मंगलाष्टकं पोचवायची, तर ती ट्रेबलवरच पोचवावी लागतात.

अशा या भावांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं. एका रात्रीची पाळी कुणाची, एवढंच कारण. तोंडातून शब्द गेले, शब्दाला शब्द लागला आणि पंच बसले. जमीन वाटली, बैल वाटले, भांडी वाटली. मग लाऊडस्पीकर राहिला. पंचांनी आयुष्यात पुष्कळ वाटण्या केल्या होत्या, पण लाऊडस्पीकरची एकही नाही. त्यांनी आपल्या परीनं न्याय केला. मशीन, तबकड्या आणि खोकी थोरल्याला, दोन्ही कर्णे आणि वायरीचं भेंडोळं धाकट्याला. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. वाट्याला वाटा आला होता ना!

"दोघांपैकी कुनी येक हासला आसता ना, बाई," काकू म्हणाल्या, "तर तितंच मिटलं आसतं." कुणी हसलं नाही. उलट नाना सगळ्यांदेखत बोलून गेले, "कर्ण्यावाचून माझं काय अडत न्हाई." त्यावर बापू म्हणाला, "आन माझं मशीनवाचून." बापू ओढ्यापलीकडच्या शेतात वस्ती करून राहायला गेला. दोघांची ती दोन वाक्यं मात्र गावात राहिली, आणि नानांनी चारचौघात बोलायचं सोडलं ते तेव्हापासून.

नानांचं अडत होतं, चांगलंच अडत होतं. नुसत्या खोक्यांवर बारसं होतं, सत्यनारायण होतो, पण लग्नाला आणि जत्रेला आवाज गावभर लागतो. ती कामं खर्ड्याच्या माणसाकडे गेली. लोक म्हणत, "नाना, येक कर्णा घिऊन टाका की." नाना म्हणत, "हाय की." "कुटंय?" नाना हनुवटी ओढ्याच्या दिशेला उडवत आणि बटणं पुसायला लागत. नवा कर्णा घेतला असता तर 'अडत न्हाई' हे खोटं ठरलं असतं. आणि तो नवा कर्णा झाडावर चढला, की बापूचा कर्णा कायमचा अडगळीत गेला असता. पहिलं कारण गावाला माहीत होतं. दुसरं फक्त काकूंना.

बांधावर जाणारं माणूस उरलं नाही, म्हणून ते स्वतः जायचे. बटण फिरवायचं, बांधावर जायचं, ऐकायचं, परत यायचं. मी म्हटलं, "मी जाते ना, मला शिकवा खुणा." त्यांनी शिकवल्या सगळ्या, अगदी हौसेनं. पण पाठवलं मात्र कधीच नाही.

त्याचं कारण मला बापूकडे कळलं. त्याची धाकटी मुलगी शाळेत यायची बंद झाली होती, म्हणून मी वस्तीवर गेले होते. बापू नानांसारखाच दिसायचा, फक्त उंच आणि सरळ. मुलीला पाठवतो म्हणाला. मग जरा घुटमळून मला गोठ्याच्या कडेला घेऊन गेला. दोन्ही कर्णे तिथे गोणपाटात गुंडाळून टांगलेले होते. त्यानं गोणपाट बाजूला केलं. आत धुळीचा कण नव्हता.

"कर्जतचा येकजन इकत मागत हुता," तो म्हणाला. "पन इकायला माझ्या येकट्याचे हायती व्हय?" आणि मग खालच्या आवाजात, "दादाचं टिरबल आता कोन बघतं?"

"स्वतःच बघतात. बांधावर जातात, ऐकतात, परत येतात."

तो हसला. हसता हसता थांबला. "दादाला लांबचं ऐकू येत न्हाई, बाई. ल्हानपनी गोवर आल्ता, तवापास्नं. मशीनपशी बसवला म्या, ते का उगंच?"

मी परत येताना बांधावर थांबले. नाना जिथे उभे राहत तिथेच उभी राहिले. तिथून बापूची वस्ती समोर दिसत होती. गोठा, चुलीचा धूर, वाळत घातलेला पांढरा टॉवेल. जे काम करायला नाना इतक्या वेळा तिथवर जात, ते त्यांच्या कानांना जमण्यासारखं नव्हतं. ते भावाचं घर बघून परत यायचे आणि मग अंदाजानं बटण फिरवायचे. मला माझ्या घराची एवढी आठवण त्या वाडीत कधीच आली नव्हती. मी बांधावर बसून मनसोक्त रडून घेतलं, आणि घरी येऊन काकूंना डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं.

मग दुष्काळ आला. लग्नं तर थांबलीच, बारशी-सत्यनारायणही थांबले, बॅटरी भरून आणायला कारण उरलं नाही. सगळी वाडी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली, नानाही आणि बापूही. ज्या विहिरीवरून भांडण झालं तिचा तळ उघडा पडला. ज्या पाण्यावरून भांडले ते पाणीच गेलं, आता तरी भांडण जाईल, असं मला वाटलं होतं. छे! दुपारच्या सुट्टीत दोघं एकाच बाभळीच्या सावलीत बसत, एक बुंध्याच्या या अंगाला, एक त्या अंगाला. काकूंच्या फडक्यातली चटणी मात्र बुंध्याला वळसा घालून पलीकडे जायची आणि पलीकडचा कांदा अलीकडे यायचा.

त्या वर्षीची खंडेनवमी मला आठवते. हत्यारांची पूजा. झेंडू कुठून मिळणार? काकूंनी हळदीची बोटं ओढली. नानांनी मशीन मांडलं, खोकी मांडली, माईक मांडला. आणि शेजारी पाटाची एक बाजू रिकामी ठेवून तिथंही हळदकुंकू वाहिलं. नानांनीच आपणहून सांगितलं, "कर्णा हाय त्यो." ते अख्खं वर्ष नाना रोज मशीनवरचं फडकं काढून बटणं या टोकाला आणि त्या टोकाला फिरवून ठेवत. गंज धरू नये म्हणून. आवाज नसलेल्या मशीनचा बास आणि ट्रेबल लावणारा माणूस मी तो एकच पाहिला.

पाऊस परतला त्याच्या पुढच्या वैशाखात शालनचं लग्न ठरलं. शालन नानांची एकुलती एक लेक, बापूच्या अंगाखांद्यावर वाढलेली. घरात एकच विषय सुरू झाला. बापूकाका येणार का? तिनं आईला स्पष्ट सांगितलं, काका नसेल तर मी बोहल्यावर उभी राहीन, पण माझं ध्यान बांधाकडंच राहील. काकू हळदकुंकू आणि अक्षत घेऊन स्वतः वस्तीवर गेल्या. मी सोबत होते. बापूनं अक्षत डोक्याला लावून घेतली.

"वैनी, तुमी आला, मला पोचलं. पन चारचौघात तोडलंय आमी. दादानं निसती हाक मारू दे. येक हाक. न्हाई आलो तर बापू नाव लावनार न्हाई."

काकूंनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. नाना ट्रेबलचं बटण पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी ते ओढ्यापर्यंत गेले. मी खिडकीतून पाहत होते. ओढा कोरडा होता, पाय भिजायचीसुद्धा भीती नव्हती. बराच वेळ उभे राहिले आणि परत आले. "जीभ उचलत न्हाई," एवढंच म्हणाले, ते माझ्याकडे बघून की भिंतीकडे, कोण जाणे.

लग्नाचा दिवस. मुहूर्त गोरजाचा होता. दुपार कलली तशी पाहुण्यांनी वाडी भरली. नवरदेवाकडचा एक काका कर्णा कुठे दिसत नाही म्हणून कुजबुजत होता. नवरीचा बाप डोक्याला नवा फेटा बांधून मशीनपाशी बसला होता, कारण दुसऱ्याचा हात लागलेला चालत नव्हता ना! खोक्यावर तांब्या ठेवला, तबकडी लावली, पाण्याला शहारा आला. आता बांधावर जायचं. पण नवरीच्या बापाला मांडव सोडून कोण जाऊ देणार? नानांनी सवयीनं मान वर करून बांधाकडे पाहिलं, आणि त्यांचा हात बटणावरच राहिला.

ओढ्याच्या पलीकडच्या बांधावर बापू उभा होता. पांढरे कपडे, खांद्यावर टॉवेल. ओढा ओलांडून अलीकडे आला नव्हता. पण उभा होता.

मग बापूनं दोन्ही हात खाली दाबले. नानांनी बास कमी केला. बापूनं टॉवेल डोक्यावर फिरवला. नानांनी ट्रेबल वाढवला. पुन्हा टॉवेल, पुन्हा बटण. दोघांना भांडणाचा विसर पडला होता की काय, देव जाणे. कामच तसं होतं. आम्ही सगळे एकदा मशीनकडे, एकदा बांधाकडे बघत होतो. काकूंनी पदर तोंडात धरला होता. शेवटी ट्रेबलचं बटण टोकाला टेकलं, आणि बापूनं कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत नाही. नानांनी आवाज वाढवला. खोकी थडथडायला लागली, तांब्यातलं पाणी सांडलं. पुन्हा कानाला हात. ऐकू येत नाही.

नानांनी तबकडी थांबवली. माईक उचलला. नखानं दोनदा टकटक केली. सवयीनं मी पुढे झाले 'हॅलो' म्हणायला, पण त्यांनी मला हातानं थांबवलं.

"बापू," ते म्हणाले.

मांडवातल्या सगळ्या माना बांधाकडे वळल्या.

"बापू... ऐकू येतंय का रं?"

बांधावरच्या माणसानं कानाला हात लावला आणि जोरजोरात मान हलवली. नाही!

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता सगळा मांडव हसायला लागला. ऐकू येत नाही, तर उत्तर कसलं देतोय? हसले नाहीत ते फक्त नाना. ते माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "न्हाई म्हनतोय. बराबर हाय त्याचं. खोक्यांचं काम न्हाई हे." डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग माईकमध्ये सगळ्या गावादेखत म्हणाले, "माझं लई अडलंय रं. कर्णा घिऊन ये."

बापू पळत सुटला. आधी उलटा, वस्तीकडे. मग वायरीचं भेंडोळं गळ्यात, एक कर्णा स्वतःच्या खांद्यावर, दुसरा बायकोच्या डोक्यावर, अशी ती वरात ओढा उतरून आली. भावांनी एकमेकांना मिठी वगैरे काही मारली नाही. नानांनी कर्णा हातात घेतला, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पुसून ठिवलाय." बापू म्हणाला, "मग?" एवढंच बोलणं झालं. इकडे घरात शालन हमसून हमसून रडत होती आणि बायका तिचं काजळ सावरत होत्या.

बापू लिंबावर चढला. कर्णा बांधला आणि वरून ओरडला, "दादा, तोंड कुनीकडं करू?"

नानांनी मांडवभर नजर फिरवली. "आता कुनीकडं बी कर," ते म्हणाले.

त्यानंतर वर्षभरानं माझी बदली झाली. राहुरीकडे, म्हणजे घराच्या वाटेवर. ज्या वाडीत उतरताना रडले होते, तिथून निघताना त्याहून जास्त रडले. काकूंनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. नाना निरोप द्यायला एस.टी.च्या थांब्यावर आले नाहीत. मला जरा लागलंच ते. "सकाळपास्नं मशीन काढून बसल्यात, कुनाचं लगीन हाय कुनास ठावं," काकू म्हणाल्या.

गाडी सुटली आणि मागून गाणं आलं. खिडकीतून वळून पाहिलं. घर दिसत नव्हतं, पण लिंबाचा शेंडा दिसत होता आणि त्यावरचा कर्णा. त्याचं तोंड सडकेकडे होतं.

सडक ओढ्याला समांतर जाते. बांध आला, आणि बांधावर बापू, टॉवेल घेऊन, गाडीकडे बघत. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, कानाला हात लावला आणि जोरजोरात मान हलवली. खरं तर गाण्याचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता. बापूनं मागे वळून टॉवेल डोक्यावर गरागरा फिरवला, आणि दूर कुठेतरी, मला न दिसणाऱ्या ओट्यावर, नानांनी ट्रेबल वाढवला.